मीठ, साखर आणि पेशीचे दार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत प्रत्येक वक्त्याने कोलकात्याशी निगडित असा विषय घ्यावा, अशी कार्यकारी मंडळाची सूचना होती. 'पेशीच्या पटलातून पदार्थांची ये-जा' असा विषय मी कळविला, तेव्हा चिटणीसांनी, टपाल चुकून आपल्याकडे आले नाही ना, याची विनयपूर्वक चौकशी केली. त्यांचे आश्चर्य रास्तच होते. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यात शिरलो. सीमेवरून काय आत येते, काय बाहेर जाते, कशाला मज्जाव करायचा आणि कशाला वाट द्यायची, हे पाहणे हाच माझा व्यवसाय. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या सीमेवर हेच काम अहोरात्र चालते, आणि त्या सीमेचा एक नियम ओळखून त्याच्या आधारे लाखो माणसांचे प्राण वाचविण्याच्या कामात या शहराचा वाटा फार मोठा आहे, हे वाचनात आले तेव्हा या विषयाने मला धरून ठेवले. तज्ज्ञाचा अधिकार माझ्यापाशी नाही. जिज्ञासू वाचकाने टिपलेले आपल्यापुढे ठेवीत आहे, एवढेच.

आरंभ एका मराठी शब्दापासून करतो. पटकीच्या रोगाला, ज्याला आपण आज कॉलरा म्हणतो, आपल्या भाषेत आणखी एक जुना शब्द आहे : 'मोडशी'. 'मोडणे' या क्रियापदापासून तो आला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या व्याधीचे वर्णन केले आणि स्थानिक लोक तिला कोणत्या नावाने ओळखतात तेही नोंदविले. पुढे युरोपीयांच्या तोंडी त्या शब्दाचे 'मोर्देशी', 'मोर्देशिन' असे अपभ्रंश झाले, आणि फ्रेंचांनी तर त्यातून आपल्या भाषेत 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ काढला. आपल्या पूर्वजांचा शब्द मात्र अचूक होता. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत मोडून पडे. डोळे खोल जात, आवाज बसे, हातापायांत गोळे येत, बोटांची कातडी सुरकुतून जाई. गावोगावी वेशीवर मरीआईची ठाणी उभी राहिली ती या भयापोटी. बंगालमध्ये तेच भय ओलाईचंडी आणि ओलाबीबी या नावांनी पुजले गेले. हिंदूंची चंडी आणि मुसलमानांची बीबी एकाच रोगाच्या देवता व्हाव्यात, यावरून त्याची दहशत किती सार्वत्रिक होती हे दिसते.

या रोगात माणूस नेमका कशाने मरतो? या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या दारापाशी आहे. म्हणून प्रथम ते दार पाहू.

पेशी म्हणजे शरीराची वीट, असे आपण शाळेत शिकलो. पण वीट भरीव असते. पेशी ही नांदते घर आहे. त्या घराला चोहोबाजूंनी एक पटल असते. त्याची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील सात-आठ भागांइतकी. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच शास्त्रज्ञांनी रक्तातील तांबड्या पेशींपासून स्निग्ध द्रव्य वेगळे काढले, ते पाण्यावर पसरले, आणि त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असा निष्कर्ष काढला. याचा अर्थ हे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे आहे. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी या पटलाचे जे चित्र मांडले ते थोड्याफार फरकाने आजही मान्य आहे : तेलाचा पातळ तवंग असावा तसा तो दुहेरी थर, आणि त्यात ठिकठिकाणी रुतून बसलेले प्रथिनांचे मोठे रेणू. हे प्रथिनांचे रेणू म्हणजेच सीमेवरची दारे होत.

या सीमेवरून पदार्थ कोणकोणत्या रीतींनी जातात? पहिली रीत सर्वांत सोपी. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यासारखे लहान रेणू त्या स्निग्ध थरातून सरळ पार होतात. जिथे दाटी अधिक तिथून ते विरळ जागेकडे जातात. उदबत्तीचा सुगंध देवघरातून ओटीपर्यंत येतो तो याच न्यायाने. याला विसरण म्हणतात.

दुसरी रीत पाण्याची. तिचा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी घातले की पाने वाढेपर्यंत वाडग्यात पाणी साचते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात त्यांना पाणी सुटते. उलट, सुकलेल्या मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टपोऱ्या फुगतात. पटलाच्या ज्या बाजूला विरघळलेले द्रव्य अधिक, त्या बाजूकडे पाणी ओढले जाते. हे परासरण. पाणी स्निग्ध थरातूनही थोडेफार झिरपते, परंतु पुष्कळ पेशींत त्याच्यासाठी खास नळ्या असतात. त्या अमेरिकेतील पीटर एग्री यांनी शोधल्या आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. एक गोष्ट येथे पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे : पाण्याला स्वतःची इच्छा नाही. मीठ किंवा साखर जिथे जाईल तिथे पाणी मागोमाग जाते.

तिसरी रीत मिठाची. मिठाचे विद्युत्भारित कण, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, स्निग्ध थरातून जाऊच शकत नाहीत. त्यांना प्रथिनांचे दार लागते. काही दारे नुसत्या खिडकीसारखी असतात, उघडली की कण उतारावरून घरंगळावेत तसे पलीकडे जातात. काही दारे पंपासारखी आहेत. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये असा एक पंप उजेडात आणला. तो आपल्या प्रत्येक फेऱ्यात सोडियमचे तीन कण पेशीबाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. हे काम चढावर ओझे नेण्याचे असल्याने त्याला शरीराची ऊर्जा खर्ची पडते. या पंपामुळे पेशीच्या आत सोडियमची सदैव टंचाई असते, आणि बाहेरचा सोडियम आत येण्यासाठी जणू दाराशी दाटी करून उभा असतो.

चौथी रीत माझ्या दृष्टीने सर्वांत मनोवेधक. लहान आतड्याच्या पेशींवर एक असे दार आहे की, ते एकट्याला उघडत नाही. सोडियमचे दोन कण आणि साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, एक रेणू असे त्रिकूट जमले तरच ते फिरते आणि तिघांनाही एकदम आत घेते. आमच्या खात्यात काही मालाला सोबतच्या परवान्याखेरीज सोडता येत नाही, तसाच हा प्रकार. सोडियमला आत घसरण्याची ओढ असते. त्या ओढीच्या बळावर साखर चढाव चढते. साखर आत येते, तिच्याबरोबर मीठ येते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत ही कल्पना प्रथम मांडली.

आता आतड्याचा रोजचा हिशेब पाहा. आपण दिवसाला दोन-एक लिटर पाणी आणि पातळ पदार्थ घेतो. लाळ, जठररस, पित्त आदी पाचक रस मिळून आणखी सहा-सात लिटर आतड्यात उतरतात. एकूण आठ-नऊ लिटरांपैकी बाहेर जाते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. उरलेले सारे परत घेतले जाते. एवढ्या मोठ्या उलाढालीत आयात आणि निर्यात यांचा तोल थोडा जरी ढळला, तरी काय अनर्थ होईल याची कल्पना यावी.

पटकीत हाच तोल ढळतो. रोगजंतू आतड्याच्या भिंतीला भोके पाडीत नाहीत, की पेशींना मारीत नाहीत. ते एक विष सोडतात. ते विष पेशीत शिरून तिची आज्ञायंत्रणा ताब्यात घेते, आणि क्लोराइडची खिडकी सताड उघडी ठेवण्याचा हुकूम सुटतो. क्लोराइड बाहेर धावते, त्याच्या ओढीने सोडियम, आणि दोघांमागे पाणी. शिवाय एकट्याने आत येणाऱ्या मिठाची नेहमीची वाटही ते विष अडविते. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. माणूस मरतो तो जंतूंनी कुरतडून नव्हे. शरीरातील पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे मरतो.

हे कळण्यास जगाला सव्वाशे वर्षे लागली, आणि त्या कथेचे बरेच अध्याय या शहरात लिहिले गेले. १८३१ मध्ये इंग्लंडात पटकीची साथ आली तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार घटल्याचे दाखविले. पुढल्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये टॉमस लाटा यांनी शिरेतून मिठाचे पाणी देऊन काही रुग्ण जगविले. ओशॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्यास आले, १८३५ मध्ये स्थापन झालेल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि पुढे भारतात तारायंत्र आणणारे म्हणून प्रसिद्धी पावले. त्यांचे पहिले काम मात्र वैद्यकविश्व जवळजवळ विसरून गेले. १८८४ मध्ये याच शहरात रॉबर्ट कॉख यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू ओळखला. हा जंतू काहीतरी विष सोडीत असावा, असा त्यांचा तर्क होता. पण ते विष पुढची ७५ वर्षे कोणाच्या हाती लागले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येथेच लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून तीव्र क्षारजल देण्याची पद्धत रूढ केली आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले.

ते विष सापडले शंभूनाथ दे यांना. हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात १९१५ मध्ये जन्मलेला हा डॉक्टर. साधने तुटपुंजी, पण विचार स्वच्छ. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना रेशमी धाग्याने बांधला, त्या बंद कप्प्यात पटकीचे जंतू सोडले, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तर तो कप्पा पाण्याने तट्ट फुगलेला. हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसता गाळीव द्रव कप्प्यात सोडला. तरीही तोच परिणाम. म्हणजे जंतू हजर असण्याचीही गरज नाही. त्याने मागे ठेवलेले विष पुरे. १९५९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा शोध छापून आला. मराठी माणसाला आवर्जून सांगावेसे वाटते की, त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. एन. के. दत्ता यांनी पानसे आणि कुलकर्णी या सहकाऱ्यांसह सशाच्या दूधपित्या पिलांवर वेगळ्या पद्धतीने प्रयोग करून पटकीच्या विषाचा प्रत्यय आणून दिला. परळ आणि कॉलेज स्ट्रीट या दोन ठिकाणी एकाच वेळी एकाच सत्यावर हात पडला. शंभूनाथ दे यांचे मोठेपण आपल्याकडे ओळखले गेले नाही. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये पटकीवर भरलेल्या नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले, नोबेल पारितोषिकासाठी जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव सुचविले होते. पण १९८५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या गावात त्यांना ओळखणारे थोडेच होते.

आता उपचाराकडे येऊ. शिरेतून क्षारजल देण्याचा उपाय उत्तमच, पण त्याला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, प्रशिक्षित हात हवेत. खेड्यात हे कोठून आणायचे? तोंडाने पाणी द्यावे, तर नुसते मिठाचे पाणी आतडे परत घेत नाही. एकट्या मिठाची वाट बंद असते, हे आपण पाहिले. आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. १९५३ मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, त्यांनी १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन बरे केले. जगाने लक्ष दिले नाही. ते पाणी का लागू पडते याचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि किती पाणी गेले व किती शरीरात राहिले याचा ताळेबंद त्या लेखात नव्हता. शास्त्रज्ञांना ती एका डॉक्टरची हातगुणाची गोष्ट वाटली. सात वर्षांनी प्रागमध्ये क्रेन यांनी कारण सांगितले. परंतु त्यांच्यासमोर पटकीचा रुग्ण नव्हता. उपाय एकीकडे, कारण दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडेना.

ती पडली १९६० नंतरच्या दशकात, ढाक्यात आणि कलकत्त्यात. विषाने एक खिडकी उघडी टाकली आणि एक वाट बंद केली, तरी मीठ-साखरेचे जोडदार तसेच शाबूत राहते, हे दोन्ही ठिकाणच्या मोजमापांतून सिद्ध झाले. १९६८ मध्ये ढाक्याच्या डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मीठ-साखरेचे पाणी मोजून पाजले तर शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज ८० टक्क्यांनी घटते. कलकत्त्यात बेलेघाटा येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या केंद्रातील डॉक्टर हेच काम करीत होते. दिलीप महालनबीस हे त्यांतील एक.

१९७१ साल उजाडले. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे सुरू झाले. वर्षअखेरपर्यंत त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली. पावसाळा, चिखल, दूषित पाणी, आणि त्यात पटकी. कोलकात्यापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावरील बनगाव हे सीमेलगतचे गाव. पलीकडे पेट्रापोलचे नाके. जून महिन्याच्या अखेरीस महालनबीस तेथील रुग्णालयात पोहोचले, तेव्हा पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या आणि जमिनीवरही रुग्ण पडलेले होते. सलाइन लावायचे तर डॉक्टरला त्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. शिरेतून द्यावयाचा साठा हां हां म्हणता संपत आला. त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते : हात जोडून बसणे, किंवा ज्याला अजून वैद्यकाची सर्वमान्यता नव्हती तो उपाय उघड्यावर, डॉक्टरांविना, हजारोंवर करून पाहणे.

त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. कलकत्त्याच्या केंद्रात ग्लुकोज २२ ग्रॅम, साधे मीठ ३.५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम, असे दर लिटरला प्रमाण धरून मिश्रण तयार होई. ते प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गरम इस्त्रीने तोंडे बंद करीत. बनगावला ते पिंपांतल्या पाण्यात विरघळवीत, पिंपांना तोट्या बसविलेल्या असत. द्रवाच्या घटकांचा खर्च लिटरमागे ११ पैसे. पाजणार कोण? रुग्णाची आई, भाऊ, मुलगी. लोकांना 'सलाइन' हा शब्द ठाऊक होता आणि त्यावर विश्वासही होता. म्हणून या पाण्याला तोंडाने घ्यावयाचे सलाइन म्हणण्यात आले. पेला भरायचा, पाजायचा, पुन्हा भरायचा. अगदी गलितगात्र होऊन आलेल्यांनाच आधी शिरेतून द्रव मिळे.

परिणाम काय झाला? त्या शिबिरांत आरंभी पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेले होते. बनगावला सुमारे ३,७०० रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी स्वतः येऊन हे पाहिले आणि पुढे त्या संघटनेच्या कार्यक्रमात या उपायाचा हिरिरीने पाठपुरावा केला. १९७३ मध्ये महालनबीस यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने आपल्या संपादकीयात आतड्यातील सोडियम आणि ग्लुकोज यांच्या जोडवहनाचा शोध हा त्या शतकातील वैद्यकाची सर्वांत महत्त्वाची प्रगती ठरण्याचा संभव आहे, असे म्हटले. पाहा, गौरव झाला तो एका दाराच्या ज्ञानाचा. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात निवर्तले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

श्रोतेहो, कथा येथे संपली असती तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. ती संपलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक बालके आजही दरवर्षी अतिसाराने दगावतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात अतिसार झालेल्या दर दहा बालकांपैकी सुमारे सहांनाच ओआरएस मिळाल्याचे आढळले. उरलेली चार बालके कोठे आहेत? ती केवळ दुर्गम खेड्यांत नाहीत. हगवण लागली की मुलाचे पाणी तोडावे, आतड्याला विश्रांती द्यावी, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही पुरती गेलेली नाही. पेशीचे दार समजून घेतलेल्याला तिच्यातली चूक तत्काळ दिसते. पाणी न पाजल्याने खिडकी बंद होत नाही. ते वाहतच राहते, आणि देहाची विहीर उपसली जाते. विष बाधलेल्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तेवढे दिवस माणसाला पाण्यावर तरते ठेवले की आतडे स्वतःला सावरून घेते.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. साखरेने गुण येतो, तर जास्त साखरेने जास्त गुण येईल, असा हिशेब पुष्कळजण करतात आणि मुलाला गोड शीतपेये किंवा डब्यातला फळांचा रस पाजतात. येथे कैरीच्या फोडी आठवाव्यात. आतड्यात साखर प्रमाणाबाहेर दाटली की परासरणाने पाणी शरीराकडून आतड्याकडे ओढले जाते, आणि जुलाब वाढतात. प्रमाण हेच या औषधाचे प्राणतत्त्व आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये जुने प्रमाण आणखी सौम्य केले. आज लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे प्रमाण मान्य आहे. हे प्रमाण न पाळणारी गोड पेये नावात 'ओआरएस' ही अक्षरे मिरवून बाजारात विकली जात होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांना मनाई केली. तरीही विकत घेताना पुडीवरील घटक वाचून पाहण्याची सवय आपणच लावून घ्यावयाची आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण बदलीने या शहरात आलेले. नव्या गावचे पाणी लागणे हा आपल्या बिऱ्हाडांचा नेहमीचा अनुभव. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. प्रत्येक घरात ओआरएसच्या चार पुड्या असाव्यात. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच घ्यावे, कमी नको, अधिक नको. पाणी उकळून निववलेले असावे, आणि तयार केलेले मिश्रण २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने किंवा घोटाघोटाने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये, जेवणही तोडू नये. पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे. किंचित मीठ घातलेली तांदळाची पेजही चांगली. तिच्यातील पिष्ट सावकाश फुटून ग्लुकोज देते, त्यामुळे साखरेची एकदम दाटी होत नाही. आपली पेज ती बंगाल्यांची फॅन. दोन्ही घरांतील आज्यांना हा गुण अनुभवाने ठाऊक होता. मूल ग्लानीत गेले, डोळे खोल गेले, पिईनासे झाले किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून द्रव द्यावाच लागतो.

सीमेवर काम करणाऱ्याला एक गोष्ट कळते. सीमा पूर्ण बंद करून कोणताही देश जगत नाही, आणि पूर्ण उघडी टाकूनही जगत नाही. पेशीचेही तसेच. पण पेशीच्या सीमेने जे एक शहाणपण शिकविले ते मला आमच्या नियमपुस्तकांत आढळले नाही : संकटात सर्व वाटा बंद झाल्या तरी, दोघांनी हात धरून यावे असे एखादे दार शाबूत असते, ते शोधावे लागते. चटर्जींच्या उपायाला क्रेन यांचे कारण मिळेपर्यंत, आणि त्या दोहोंना बनगावच्या आयांचे हात लागेपर्यंत, अठरा वर्षे गेली. त्या अठरा वर्षांत जे गेले त्यांची मोजदाद कोणी केली नाही. आता उपाय ठाऊक आहे, कारणही ठाऊक आहे. उरले आहेत ते केवळ आपले हात.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपली वार्षिक वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते घरोघर जातात. त्यांनी पावतीबरोबर प्रत्येक घरी ओआरएसची एक पुडी आणि ती वापरण्याची मराठी, बंगाली व हिंदी सूचना असलेला कागद द्यावा. मराठी घरासाठी मराठी, आणि त्या घरात कामाला येणाऱ्या बाईंसाठी बंगाली व हिंदी. ती पुडी त्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचली, तर या शहराने आपल्याला दिलेल्या आश्रयाची थोडीशी उतराई होईल.